भाट्याकडे ढकल

विश्राम मेस्त्रींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या शर्टाच्या खिशातून एक काळा प्लग डोकं वर काढून बसला होता. तीन पिनांचा. त्याची वायर पोटावरून खाली उतरून टेबलावरच्या मशीनला जोडलेली. क्षणभर मला वाटलं, यांना कसलातरी आजार असावा आणि हे त्याचंच यंत्र. मी त्यांच्या सुतारकामाच्या शेडच्या दारात तशीच उभी राहिले. अनोळखी माणसाशी पहिलं वाक्य बोलायला मला वेळ लागतो. ते मराठीत बोलायचं असलं तर जरा जास्तच, कारण शाळा-कॉलेज सगळं इंग्रजीत झालेलं. घरात आईशी बोलायचं मराठी मेस्त्रींपुढे पुरणार नाही, हे मला दारातच कळलं.

त्यांनी पान्याने मशीनच्या तोंडातलं पातं काढलं, दुसरं बसवलं, आवळलं, बोटाने फिरवून पाहिलं. मग पाना खाली ठेवला आणि त्यानंतरच खिशातला प्लग काढून बोर्डात घातला. मी बघतेय हे त्यांना ठाऊक होतं. मी न विचारताच ते म्हणाले, “प्लग खिशात असला की मशीन आपल्या हुकमात. बोर्डात गेला की आपण त्याच्या.”

ते मशीन म्हणजे राऊटर. सोललेल्या नारळाएवढा, दोन बाजूंना दोन मुठी, आणि पोटाखाली डोळ्याला दिसणार नाही इतक्या वेगाने फिरणारं करंगळीएवढं पातं. लाकडाच्या कडेला गोलाई द्यायची, खाच पाडायची, नक्षी कोरायची, सगळं तोच करतो. बोटाचंही तो तेच करू शकतो, म्हणून मेस्त्री त्याला ‘जावई’ म्हणत. मान द्यायचा, हातभर अंतर ठेवायचं आणि एकटा सोडायचा नाही.

मी गेले होते एक टेबल करून घ्यायला. पुण्याच्या एका कंपनीसाठी मी घरी बसून कॉम्प्युटरवर फर्निचरची ड्रॉइंग करते. स्वतःसाठी एक टेबल काढलं होतं, त्याचा प्रिंट त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला. चित्र झकास आहे म्हणाले, पण या कोपऱ्यातला स्क्रू कुठून पिळायचा ते विचारलं. टेबलाच्या आत बसून? मी पाहिलं तर खरोखरच तिथे हात जायला जागा नव्हती. तीन वर्षं मी लोकांसाठी टेबलं काढत होते आणि एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं की ती कोणीतरी आवळतं.

दुसऱ्या दिवशी मी नुसती बघायला गेले. तिसऱ्या दिवशीही. आठवड्याने त्यांनी माझ्या हातात केरसुणी दिली, आणखी पंधरा दिवसांनी डोळ्यांवर लावायचा चष्मा. ओढणी घरी, केस बांधलेले, हातात बांगडी-घड्याळ काही नाही, हे नियम त्यांनी मला सांगितले नाहीत. माझ्या आईला फोन करून सांगितले. मला सांगायला त्यांना संकोच वाटला असणार. म्हणजे आम्ही दोघंही तसे सारखेच होतो, फक्त त्यांचा संकोच मशीन बंद असतानाच चालायचा.

मशीन सुरू असलं की ते वेगळेच. राऊटर नुसत्या हाताने चालवणाऱ्यांचा त्यांना मनापासून राग. “हाताला सरळ रेघ ठाऊक नाय गो,” ते म्हणत. “हात खांद्याला टांगलेला. तो गोलच फिरणार. सरळ जायचं तर पट्टी लाव.” राऊटरबरोबर येणाऱ्या आणि त्यांनी स्वतः घडवलेल्या प्रत्येक जोडसाधनाला त्यांनी नाव दिलेलं होतं. फळीच्या कडेला घासत जाणारी गाईडपट्टी म्हणजे लगाम. पात्याभोवती बसणारी पितळी कडी, जी प्लायवूडच्या फर्म्याला टेकून त्याच्या आकारानुसार फिरते, ती बांगडी. खाली छोटं बेअरिंग असलेलं पातं म्हणजे चाकवालं. माझ्या इंग्रजी व्हिडिओंत या सगळ्यांना लांबलचक नावं होती. मेस्त्रींची नावं मला एका दिवसात पाठ झाली.

खोल खाच एका दमात पाडायला गेले की ते टेबलावर टिचकी मारत. चहा कपातून घटाघटा पिऊ नको, बशीत ओतून पी, असं म्हणत. म्हणजे पातं आधी थोडंसंच खाली घ्यायचं, मग आणखी थोडं, मग शेवटचं. फळी दोन क्लॅम्पनी आवळल्याशिवाय मुठींना हात लावायचा नाही. बटण दाबलं की लगेच लाकडात शिरायचं नाही, वाईच थांबायचं, आवाज स्थिर होऊ द्यायचा. आणि बटण बंद केलं तरी पातं पुरतं थांबेपर्यंत मुठी सोडायच्या नाहीत. “बंद केलं म्हणजे थांबलं असं नसतं,” हे ते इतक्यांदा म्हणाले की आता मला पंखा बंद करतानाही आठवतं.

एकच गोष्ट ते ठासून सांगत. राऊटर कुठल्या दिशेने ढकलायचा? पात्याची फिरण्याची दिशा ठरलेली असते. त्याच्या विरुद्ध ढकललं तर ते शहाण्यासारखं कापत जातं, त्याच्याबरोबर ढकललं तर ते चाकासारखं पळत सुटतं आणि आपल्याला ओढून नेतं. मेस्त्री यातलं काही समजावत नसत. त्यांचं टेबल भिंतीला लावलेलं होतं. समुद्राकडे पाठ करून उभं राहिलं की डाव्या हाताला रत्नागिरीचा बाजार आणि उजव्या हाताला, खाडीपलीकडे, भाट्ये. “भाट्याकडे ढकल,” ते सांगत. “कायम भाट्याकडे. बाजाराकडे कधी जायचं नाय.” त्या शेडमध्ये ते शंभर टक्के बरोबर होतं. मीही कधी का म्हणून विचारलं नाही. माझा प्रश्न मराठीत जुळेपर्यंत मेस्त्री पुढच्या फळीवर गेलेले असत.

असं वर्ष गेलं. मग सुर्वेकाका फळी घेऊन आले.

सुर्वेकाका बोटीवर इंजिनरूममध्ये होते. आयुष्यभर पाण्यावर राहून आता भाट्यात छोटं घर बांधत होते. त्या जागेत त्यांच्या वडिलांनी लावलेला फणस होता. घरासाठी तोच तोडावा लागला. झाड आतून पोखरलेलं निघालं आणि धड अशी एकच फळी मिळाली. पाच फूट लांब, हळदीसारखी पिवळी. तिची त्यांना गणेशपट्टी करून हवी होती. दाराच्या चौकटीवर आडवी बसते ती, मधोमध गणपतीसाठी कोनाडा आणि दोन्ही कडांना नक्षी. वास्तुशांत आठ दिवसांवर होती. फळी टेबलावर ठेवताना त्यांनी ती हळूच टेकवली, पाळण्यात ठेवतात तशी, आणि म्हणाले, “मेस्त्री, दुसरी नाय हां. झाडच संपलं.”

मेस्त्रींनी मान हलवली आणि ते गेल्यावर मला म्हणाले की कडा तू काढायच्या. मी नको म्हणाले. त्यांनी ते ऐकलंच नाही.

फळी लांब म्हणून आम्ही टेबल भिंतीपासून ओढून शेडच्या मधोमध आणलं. फळी आवळली, लगाम बसवला. पहिली कड मी मेस्त्री शेजारी उभे असताना काढली, बशीत ओतून, तीन खेपांत, भाट्याकडे. सुंदर आली. एरवी ते दुसऱ्या कडेसाठी फळी स्वतः फिरवून पुन्हा आवळत. पण तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. शेडमध्ये आवाज तुटतो. दुसरी कड तशीच घे, असं सांगून ते बाहेर गेले.

टेबल आता मधोमध होतं, तेव्हा फळी कशाला फिरवायची? मी टेबलाला वळसा घालून पलीकडे गेले. तिथे मी आधी कधी उभी राहिले नव्हते. तोंड आता समुद्राकडे होतं आणि भाट्ये डाव्या हाताला आलं होतं. मी थांबले. काहीतरी चुकतंय असं वाटलंही. बाहेर जाऊन विचारायचं तर मेस्त्री फोनवर बोलत होते, आणि कायम भाट्याकडे, असं त्यांनी मला शंभरदा तरी सांगितलं होतं. मी बटण दाबलं, आवाज स्थिर होऊ दिला आणि राऊटर भाट्याकडे ढकलला.

ढकलावा लागलाच नाही. तो स्वतःच निघाला. दोरी तोडून वासरू पळावं तसा त्याने मला बाजूला ओढलं, कडेवरून उडाला आणि परत येताना लाकडाचा लचका घेतला. माझे दोन्ही हात मुठींवर घट्ट होते एवढंच माझं नशीब. मी बटण बंद केलं आणि पातं थांबेपर्यंत तशीच धरून उभी राहिले. मग खाली पाहिलं. पिवळ्या कडेवर, उजव्या टोकापासून हातभर आत, खारीने आंबा खावा तसा अर्धगोल खळगा पडला होता.

आवाज ऐकून मेस्त्री आत आले. आधी त्यांनी प्लग काढून खिशात घातला, मग माझे हात उलटेपालटे करून पाहिले आणि त्यानंतर फळी. रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. लाकडाचा भुसा आणि सरस भरून हे लपेल का, असं मी पुटपुटले. लपेल, म्हणाले, एक पावसाळा. मग त्यांनी सुर्वेकाकांना फोन करून बोलावून घेतलं.

सुर्वेकाका आले, त्यांनी खळग्यात अंगठा ठेवला आणि तो काढलाच नाही. मेस्त्री म्हणाले, “माझ्या हातून झालं. वय झालं आता, हात सटकला.”

बेचाळीस वर्षं हा माणूस लाकडाला हात लावत होता आणि माझ्यासाठी तो स्वतःच्या हाताला खोटं पाडत होता.  फळी उचलून दुसऱ्या कोणाकडे न्यावी का, हे सुर्वेकाकांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, आणि ती नेली असती तर गावात मेस्त्रींचं नाव गेलं असतं. मी माझं वाक्य जुळवायला लागले आणि ते जुळायच्या आधीच तोंडातून बाहेर पडलं.

“मेस्त्रींचा हात नाही सटकला. मी केलं. मला दिशा कळली नव्हती आणि मी विचारलं नाही.”

“तू गप गो,” मेस्त्री म्हणाले.

सुर्वेकाकांनी विचारलं, कसली दिशा? मग मला सगळं सांगावं लागलं. बाजार, भाट्ये, टेबलाची पलीकडली बाजू. आयुष्यात एका दमात इतकं मराठी मी पहिल्यांदाच बोलले असेन. सुर्वेकाका ऐकत गेले आणि त्यांच्या मिशा हलायला लागल्या. मग ते हसले ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “मेस्त्री, तुमच्या मशीनला माझ्या घराचा पत्ता दिलात होय?” बोटीवर म्हणे डावं-उजवं माणसाचं नसतं, बोटीचं असतं. तुम्ही तोंड कुठेही करा, बोटीची डावी बाजू तीच राहते. तसं फळीचं डावं-उजवं ठरवून द्या की पोरीला.

मेस्त्री हसले नाहीत. खाली बसले. बराच वेळ खिशातला प्लग चाचपत राहिले. मग फळीकडे बघत म्हणाले, “मला ठाऊक हाय. माझ्या मास्तरानं मला नीट सांगितलंन होतं. फळीला बाहेरून उलटी प्रदक्षिणा. देवाला घालतो त्याच्या उलट. चारी बाजूंनी कुठेही उभं राहा, चुकत नाय.” आणि पुढचं सांगितलं. “मला ते तोंडातून काढवेना. निम्मं काम आपलं देवाचं. देव्हारे, पट्ट्या, पाट. गणपतीच्या लाकडाला उलटी प्रदक्षिणा घाल, असं कोणाला सांगू? म्हणून मी भाट्ये सांगत आलो.”

 मग सुर्वेकाकांनी अंगठा खळग्यातून काढला आणि विचारलं, वास्तुशांतीपर्यंत होईल ना? फळी टेबलावरच राहिली.

मेस्त्रींनी त्या खळग्याच्या आकाराहून किंचित मोठा असा प्लायवूडचा फर्मा कापला. बांगडी बसवली. एक खळगा म्हणजे चूक, पण दोन्ही कडांवर सारख्या अंतरावर असे सात-सात असले की ती नक्षी. ते सगळे मी काढले. त्यांनी हात लावला नाही. पहिल्या वेळी माझी बोटं मुठीवर पांढरी पडली होती. ते शेजारी उभं राहून हलक्या आवाजात, जणू भिंतींनी ऐकू नये, म्हणत होते, “उलटी... उलटीच... बरोबर.”

शेवटी राहिला मधला कोनाडा. तो फर्म्याच्या आतून कोरायचा असतो. मी पातं आत उतरवलं आणि सवयीने पुन्हा उलटी निघणार, तोच त्यांनी हात वर केला. मी बंद केलं, पातं थांबू दिलं. ते म्हणाले, आतून कापताना दिशा बदलते. आतून सुलटी. बोलता बोलता त्यांनी कोनाड्याकडे पाहिलं. गणपती बसणार त्या जागेभोवती पातं सरळ प्रदक्षिणेनेच फिरणार होतं. बेचाळीस वर्षं ते तसंच फिरवत आले होते आणि त्यांच्या ते लक्षात आलं नव्हतं. “घे,” ते म्हणाले. आवाज मोठा होता.

पट्टी वेळेवर बसली. वास्तुशांतीला सुर्वेकाकांनी प्रत्येक पाहुण्याला दारात थांबवून तो गोष्टीतला खळगा कुठला ते ओळखायला लावलं. कोणालाही ओळखता आला नाही. मेस्त्री मात्र जेवले नाहीत नीट. मला वाटलं, उन्हामुळे असेल.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एक जुनी वही दिली आणि फोन लावायला सांगितलं. त्यांच्या हाताखाली शिकून गेलेल्यांचे नंबर होते. नऊ जण. विरार, पनवेल, राजापूर, एक दुबईत. एकेकाला मेस्त्रींनी तेच सांगितलं, भाट्ये विसर, उलटी प्रदक्षिणा लक्षात ठेव. दुबईवाला म्हणाला, ते मला इथे पोचल्यावर दुसऱ्या दिवशीच कळलं, मेस्त्री, तुम्हाला सांगायची लाज वाटली. पनवेलचा म्हणाला, त्याने आजवर प्रत्येक खोलीत आधी विचारून घेतलं होतं की भाट्ये कुठल्या बाजूला येतं, आणि टेबल तसंच लावलं होतं. आत्ताच नव्या जागेत गेला होता आणि तिथे त्यामुळे कपाट उघडत नव्हतं. मेस्त्रींनी त्याला कपाट उघडायची परवानगी दिली.

नववा नंबर त्यांनी लावू दिला नाही. तो अनंताचा. अलोऱ्याचा अनंता त्यांचा सगळ्यांत चांगला चेला. शिकून गेल्यावर दोनेक वर्षांनी त्याचं बोट गेलं आणि त्याने धंदा सोडला, एवढं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. तेव्हा ते म्हणाले होते, पट्टी लावलीन नसेल. त्यानंतर दोघांचं बोलणं नव्हतं.

“हे फोनवर नाय सांगायचं,” ते म्हणाले.

रविवारी आम्ही एसटीने चिपळूणला उतरलो आणि तिथून अलोऱ्याची गाडी पकडली. वीजप्रकल्पाच्या वसाहतीजवळ अनंताचं किराणा दुकान होतं. तो गूळ तोलत होता. मेस्त्रींना बघून त्याने पारडं खाली ठेवलं, बाहेर येऊन पाया पडला, स्टूल पुढे केलं. मेस्त्री बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, “अनंता, मी तुला चुकीचं शिकवलं.” आणि सगळं सांगितलं. उलट्या प्रदक्षिणेचंही, भर दुकानात, गिऱ्हाईकांसमोर. शेवटी म्हणाले, “तुझं बोट माझ्यामुळे गेलं.”

अनंताने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग गुळाकडे. “छे हो मेस्त्री,” तो म्हणाला. “बोट काय मशीननं नाय गेलं. नारळ सोलताना कोयता लागला.” आणि सुतारकी सोडली ती दुकान बरं चाललं म्हणून, असंही म्हणाला. मग त्याने आम्हाला चहा पाजला, काजूची पुडी बांधून दिली, आणि मेस्त्रींनी दुकानाच्या फळ्यांची कड हाताने चाचपून ती कोणी काढली ते विचारलं. अनंता म्हणाला, मीच, पूर्वी.

परतीच्या गाडीत मेस्त्री खिडकीशी बसले होते. मला वाटलं, डोळा लागला असेल. सावर्डे गेल्यावर ते एकदम म्हणाले, “बाय, नारळ सोलताना कोयता कुठच्या हातात धरतात?”

“उजव्या.”

“आणि लागला तर?”

“डाव्याला.”

अनंता उजव्या हाताने गूळ तोलत होता. त्याच हाताची तर्जनी अर्धी होती. ते मीही पाहिलं होतं आणि दुकानातून निघाल्यापासून मनात धरून बसले होते. मेस्त्रींनी काजूची पुडी मांडीवर घेतली आणि तिची गाठ सोडायला लागले.

“असं खोटं बोलायला काय मी शिकवलेलं नाय त्याला,” ते म्हणाले. “चार महिन्यांनी, पावसाळा सरला की, पुन्हा येऊ. तेव्हा मशीन घेऊन येऊ. नीट शिकवायचं राहिलंय.”